रजा परवापासून

पाणीपुरवठा खात्याच्या दारातच भिंतीवर काचेचा एक फलक होता आणि तो कधीही रिकामा असू नये, असा नियम होता. त्यात काय असावं, याबद्दल नियम गप्प होता. म्हणून रोज वर्तमानपत्र चाळून खात्याविषयीची बातमी कापायची आणि काचेत चिकटवायची, एवढ्यासाठी खात्याने एक कारकून नेमला होता. सत्तावीस वर्षांच्या कात्रीकामात त्यांचं मूळ नावही कुठेतरी कापलं गेलं होतं. सगळे त्यांना कात्रणकाका म्हणत. बायकोसुद्धा रागावली की हेच म्हणायची.

त्या मंगळवारी कात्रणकाका घाईत होते. परगावी लेकीला मुलगी झाली होती आणि बुधवारपासून त्यांची आठ दिवसांची रजा होती. नेमकं त्याच दिवशी वर्तमानपत्र आलं नाही. छापखान्याला सुट्टी होती. फलक तर रिकामा ठेवता येत नव्हता. काकांनी टेबलाच्या खणात अंथरलेला जुना कागद ओढून काढला. त्यावर ठळक अक्षरांत मथळा होता : ‘शहरात उद्या पाणी बंद’. वर्तमानपत्र अकरा वर्षांपूर्वीचं होतं, पण तारीख वरच्या कोपऱ्यात होती आणि कापायचा असतो तो फक्त मथळा. कागद पिवळा पडला होता हे खरं, पण त्या खात्यात पांढरा कागदच संशयास्पद वाटला असता. एका दिवसाचा तर प्रश्न, असं म्हणत काकांनी खळ लावली.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. घरोघरी पिंपं, बादल्या, कुकर, फुलदाण्या भरल्या गेल्या. संध्याकाळी टाक्यांनी तळ गाठला आणि बुधवारी सकाळी नळाला थेंब आला नाही. खात्याने सांगितलेलं खरं होण्याची ही पहिलीच वेळ होती. लोकांनी फोन करून आभार मानले.

काका पिशवी भरूनच कार्यालयात आले होते. कात्रण बदलायचं आणि तशीच गाडी गाठायची, असा बेत होता.

“हात लावू नका,” साहेब म्हणाले. “काय लिहिलंय त्यात?”

“उद्या पाणी बंद.”

“मग उद्या होऊन गेला का?”

“साहेब, काल लावलं होतं. कालचा उद्या म्हणजे आजच की!”

“आजचं मला सांगू नका. उद्या होऊन गेला का?”

काकांना नाही म्हणावं लागलं.

“मग बातमी चालू आहे. आणि पाणी बंद होईपर्यंत सगळ्या रजा स्थगित, हे परिपत्रक तुम्हीच फलकावर लावलं होतं. बंद उद्या. तुमची रजा परवापासून.” साहेबांनी अर्जावर लाल शाईने तसं लिहून, सही करून, तारीखही घातली.

काकांनी लेकीला फोन केला. “परवा निघतो गं.”

गुरुवारी काचेत पुन्हा उद्याच होता. शुक्रवारीही. लोक रोज पाणी भरत, सकाळी ते शिळं म्हणून ओतत आणि पुन्हा भरत. त्यामुळे टाक्या रोज कोरड्या पडत आणि बातमी रोज खरी ठरत असे. शहर हळूहळू शहाणं झालं. लोक उद्याची आंघोळ आजच उरकू लागले. उद्या मळणारे कपडे आज धुऊन, मग निश्चिंतपणे मळवू लागले. खात्याने खास ‘उद्या कक्ष’ उघडला. त्याचं कामकाज उद्यापासून सुरू होणार होतं.

काकांच्या घरात तर चालायला वाट उरली नाही.

“अगं, ती बातमी जुनी आहे! मी स्वतः चिकटवली आहे!”

“असू दे,” बायको पिंपावर झाकण ठेवत म्हणाली. “तुम्हाला ठाऊक आहे, नळाला ठाऊक आहे का?”

शेवटी जिवाचा हिय्या करून काका उरलेलं वर्तमानपत्र घेऊन साहेबांकडे गेले आणि तारीख दाखवून चूक कबूल केली. साहेबांनी चष्मा लावून तारीख वाचली.

“अकरा वर्षांत या बातमीचं खंडन आलं का?”

“नाही.”

“म्हणजे ती लागूच होती. अंमलबजावणीत आपण मागे पडलो. काढायचीच असेल तर तिथे ‘उद्या पाणी चालू’ असं लावा. खाली सही करा.”

काकांनी पेन उघडलं. लेकीकडे जायला एवढी एकच सही आड येत होती. बातमी खोटी आहे याची साऱ्या शहरात फक्त त्यांनाच खात्री होती.

“आणि उद्या नाही आलं तर?” साहेबांनी सहज विचारलं.

काकांनी पेनाला टोपण लावलं.

वर्ष उलटलं, वर सहा महिने गेले. नात रांगली, चालली. काका आस्थापना शाखेत रजेची चौकशी करायला गेले. तिथल्या बाईंनी नोंदवही काढली.

“रजा परवापासून मंजूर, सही बुधवारची. म्हणजे तुम्ही सोमवारी रजेवर गेलात. आठ दिवस केव्हाच संपले.”

“अहो, परवा म्हणजे पुढचा परवा!”

“पुढचा की मागचा, लिहिलंय का? मग होऊन गेलेलाच धरायचा. त्याची खात्री असते.”

“पण मंगळवारी मी कामावर होतो! फलक मीच लावला!”

“रजेवर असताना फलकाला हात लावलात?” बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. “बोलू नका कुठे.”

संध्याकाळी लेकीचा फोन आला. “बाबा, ही बोलायला लागली. थांबा, देते.” थोडी खुडबुड झाली आणि एक इवलासा आवाज आला. आजोबांचं तिला ठाऊक असलेलं एकमेव नाव तिने घेतलं.

“पलवा!”

काकांना गलबलून आलं. गेली खड्ड्यात रजा, असं म्हणत ते ताडकन उठले. “उद्याच निघतो!”

“उद्या पाणी नाही,” बायको आतून म्हणाली. “आधी बादली भरून ठेवा.”

काकांनी बादली भरून ठेवली.

वाचकांनी काकांना खुशाल हसावं. फक्त हे वाचताना उठून कुणी नळ सोडून पाहिला असेल, तर तेवढं कबूल करावं. आणि ज्यांना आपण ‘परवा येतो’ म्हणून सांगून ठेवलं आहे, त्यांना तो कुठला परवा, तेही एकदा कळवून टाकावं.