टेपची चतुःसीमा

भाट्ये येथील एका गाडीतला सीडी प्लेअर बिघडला. घरात त्याला सगळे टेपच म्हणत. बटण दाबलं की तो आतल्या आत घरघरायचा, पडद्यावर ‘एरर’ दाखवायचा आणि गिळलेली सीडी काही परत द्यायचा नाही. सीडीवर कैलासवासी आजोबांनी, भागोजींनी, देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं होतं. त्यांच्या आवाजाची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

नात संस्कृती भौतिकशास्त्राची पदवीधर. तिचं निदान सरळ होतं: खाऱ्या, दमट हवेने टेपच्या भिंगावर बुरशी धरली आहे, कापसाचा बोळा आणि थोडं स्पिरिट पुरेल. मात्र हीच बुरशी पुढे सीडीवर चढणार, तेव्हा उशीर नको. तिने स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

“थांब गो,” वडील अनिल म्हणाले. “गाडी सामाईक आहे.”

आजोबांच्या पश्चात गाडी तिघा भावंडांची झाली होती. त्यामुळे घरामागच्या आंब्याच्या कलमांसारखीच तीही सगळ्यांची म्हणून कोणाचीच नसल्यासारखी पत्र्याखाली उभी होती. शेजारच्या घरात राहणाऱ्या भिकाजीकाकांची दुरुस्तीला हरकत नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच, की स्क्रू काढताना त्यांचा हिस्सा हलू नये. हिस्सा ठरवण्यासाठी त्यांनी टेपची चतुःसीमाही सांगितली: पूर्वेस स्टिअरिंग, पश्चिमेस कप्पा, उत्तरेस गणपती, दक्षिणेस गिअर.

“पण काका, गाडी वळवली तर?”

“म्हणून तर आम्ही ती हलवत नाही.”

वेळणेश्वरहून हौसाआत्याने फोनवर संमती दिली, पण आपण हजर असल्याशिवाय टेप खोलायचा नाही, असं बजावलं. भावांवर तिचा विश्वास होता. पण स्क्रू फार लहान असतात. तिचा मुलगा संदेश मुंबईत होता. दर मे महिन्यात टेपचं बटण तोच दाबत आल्याने बटणावर त्याची वहिवाट निघाली. सगळ्यांच्या अटी आहेत आणि आपली एकही नाही, हे अनिलना कमीपणाचं वाटलं. त्यांनी बोळ्याचा कापूस सामाईक सावरीच्या झाडाचा असल्याचं निदर्शनास आणलं.

वाटाघाटींत पावसाळा सरला. टेपची घरघरही आता क्षीण झाली होती.

दसऱ्याला गाडीच्या पूजेसाठी मंडळी जमली. आत्या आली, संदेशही आला. गाऱ्हाणं घालायचा मान काकांचा, पण त्यांचा घसा बसला होता. संस्कृतीने नारळ मागून घेतला. तिचं एक निरीक्षण होतं: हे कुटुंब बिनशर्त होकार देतं तो फक्त गाऱ्हाण्याला. तिथे ऐकायचं नसतं. ओळ संपली की होय म्हणायचं असतं.

“बा देवा म्हाराजा, ह्या कुटुंबाला सुखी ठेव.”

“व्हय म्हाराजा.”

“गाडीवरची इडापिडा टाळ.”

“व्हय म्हाराजा.”

“संस्कृतीला टेप खोलायला सगळ्यांची परवानगी आहे, असं मान.”

“व्हय म्हाराजा.”

शब्द देवापुढे गेला होता. काका खाकरले, पण घशातून काही निघालं नाही. संस्कृतीने टेप खोलला, सीडी सोडवली, भिंग पुसलं, सीडी पुन्हा आत सारली. क्षणभर खरखर झाली आणि आजोबा बोलू लागले. आत्याने पदर तोंडाला लावला. काका बॉनेटला टेकले. ते कोणाच्या हिश्शातलं, हे त्यांनी पाहिलं नाही.

“बा म्हाराजा,” आजोबा म्हणत होते, “माज्या मागं पोरांनी काय वाटून घेव नये. जमीन, कलमं, गाडी, समदं हाय तसं सामाईक ऱ्हाव दे. एकमेकांस इचारल्याबिगर कुणी खिळापन हलवू नये.”

“व्हय म्हाराजा,” सगळे एकमुखाने म्हणाले. संस्कृतीही म्हणाली. तिच्या मुठीत टेपचे स्क्रू तसेच होते.

ते अजून लावलेले नाहीत. ते लावण्यासाठी, आणि आजोबांच्या आवाजाची प्रत काढण्यासाठी, संमती मिळवणं सुरू आहे. वाचकांना हसू आलं असल्यास हरकत नाही. फक्त सातबाऱ्यावर आपल्यासोबत ज्यांची नावं आहेत, त्यांना आधी विचारून घ्यावं.