नानांची दीड किलोमीटरची मोहीम

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की आमचे शेजारी त्र्यंबकनाना दर रविवारी जीपच्या मागच्या सीटवर पाण्याने काठोकाठ भरलेली घागर बसवून परतूरकडे कूच करतात.

नाना जालन्यात, मस्तगडला, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. राहतात म्हणजे येरझाऱ्या घालतात. चहासुद्धा चालता चालता पितात. काकू गेल्यापासून तर त्यांना घरात बसलेलं कुणी पाहिलेलं नाही.

परतूरच्या अलीकडे डांबरी सोडली, की शेतांमधून दीड किलोमीटरची गाडीवाट लागते. तिच्या टोकाला नानांच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा, मळा. वाट इतकी सोपी, की शेळ्या झोपेतही चालतील. पण नाना ती आधी पायी तुडवतात, खड्ड्यांभोवती चुना टाकतात, टायरांतली हवा कमी करतात आणि मग पहिल्या गिअरवर निघतात. मी घागरीवर नजर ठेवायची.

"सांडलं!"

"किती?"

"तांब्याभर."

"बिलकुल टेन्शन न्हाई," घाम पुसत नाना म्हणणार, "परत पहिल्यापासून!"

एकदा मागून आलेली बैलगाडी आम्हाला ओलांडून गेली. गाडीवानाने वळून विचारलं, "मामा, बैल जुंपू का?"

या सगळ्याचं कारण आक्कांची कंबर. ट्रॅक्टरवर बसलेल्या एका हिसक्यानंतर त्यांनी गाडीत बसणंच सोडलं. घागरीतलं पाणी हिंदकळलं नाही, तर कंबरही हिसकणार नाही, हा नानांचा हिशेब. मळ्यात एकट्या राहतात. त्यांना कायमचं जालन्याला न्यायचं, हा नानांचा ध्यास. "तिचं वय झालं, तिकडं कोण बघणार?" असं ते गल्लीभर सांगत फिरतात.

आक्का घागर बघून म्हणायच्या, "त्र्यंबक्या, मला न्यायला आल्तास का पाणी भरायला?"

गेल्या रविवारी थेंब सांडला नाही. नानांनी घागर उतरवली आणि आक्कांना बसवलं. आक्का डोळे मिटून, दांडा आवळून. दीड किलोमीटरला पाऊण तास लागला. डांबरी आली.

"दुखलं का गं?"

"न्हाई रे. बराबर आणलंस." आक्कांनी डोळे उघडले. "झाली ना तुझी हौस? फिरव मंग गाडी. शेळ्या बांधायच्या राह्यल्यात. जालन्यात माझं काय अडलंय?"

नानांनी इंजिन बंद केलं. माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. आणि एकदम ओरडलेच,

"तुझं न्हाई गं आक्का, माझं अडलंय!"