विषयाला धरून राऊळकाका

दारावरची बेल वाजली, दार उघडलं आणि समोरचा माणूस "काय, कसं काय?" न म्हणता एकदम "विषय: जिन्यातला दिवा" असं म्हणाला, तर समजावं की आपण बदलापुरात कात्रपला आमच्या बिल्डिंगमध्ये आहोत आणि समोर तिसऱ्या मजल्यावरचे राऊळकाका उभे आहेत. आधी विषय, मग मजकूर. मजकूरही बेताचाच. "दिवा गेलाय. सेक्रेटरींना सांगितलंय. तोवर जपून उतरा." एवढं बोलून ते वळतात. मागून कुणी "काका, चहा घेता का?" असं विचारलं तर जिन्यातूनच उत्तर येतं, "तो वेगळा विषय झाला."

नवीन भाडेकरूंना वाटतं म्हातारा सटकलेला आहे. आम्हा जुन्यांना माहीत आहे की तो सटकलेला नाही, मॉडरेटर आहे.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. नटच्या खणात वॉशर सापडला की त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'गच्चीवरचा मळा' नावाचा मेलग्रुप काढला. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरमधली आमच्यासारखी माणसं, जी पिंपात वांगी आणि फुटक्या बादलीत पुदिना लावतात, ती त्याची सभासद. एकाने मेल टाकली की ती सगळ्यांना जाते; पण आधी काकांकडे येते, ते वाचतात, आणि पसंत पडली तरच पुढे सोडतात. अख्खं जग मोबाइलवर गेलं तरी आम्ही आपले ई-मेलवरच, कारण काका हलायला तयार नाहीत.

मी पहिली मेल टाकली ती मिरचीच्या आकसलेल्या पानांबद्दल. ओघात सासूबाईंच्या गुडघ्यांचंही लिहिलं. आता बाईमाणूस लिहायला बसलं की एवढं येणारच. मेल परत आली. वर काकांची एक ओळ होती: "मिरची ठेवली आहे. सासूबाई इथे बसत नाहीत." सासूबाईंना मी ते वाचून दाखवलं. त्या दोन दिवस काकांच्या नावाने बोटं मोडत होत्या.

त्यांचा दुसरा आवडता शब्द म्हणजे शेपूट. कुणी उत्तर देताना खाली आधीच्या सगळ्या मेली तशाच लोंबत ठेवल्या की काका कळवतात, "शेपूट कापा." आभार मानायचे तर ज्याचे त्याला एकट्याला माना, सगळ्या गावाला वाजंत्री कशाला? हे सगळं ते प्रत्यक्षातही लागू करतात. माझ्या भाच्याच्या साखरपुड्यात पंगतीत कुणीतरी बासुंदीवरून नगरपालिकेवर घसरलं, तेव्हा काका पान पुढे ओढत शांतपणे म्हणाले, "बासुंदीचं संपवा. नगरपालिकेला नवा धागा काढा." 

पण माणूस न्यायी. एकदा आम्ही दोघं बाजारात शेवळं, ती पावसाच्या तोंडावर मिळणारी रानभाजी, घ्यायला थांबलो. बारवी धरणाकडून आलेली एक मावशी वाटे लावून बसली होती. काकांनी विचारलं, खाज मारायला यात काकडाची फळं घालायची का? तर मावशीने जावयाची कहाणी सुरू केली. काका म्हणाले, "मावशी, विषय शेवळं आहे."

"मंग शेवलांचाच त सांगतंय," मावशी म्हणाली. "जावयानंच त आनली रानातशी. त्याला सोरून कसा सांगू?"

काकांनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "विषयातच आहे. बोला." आणि जावयाची अख्खी कहाणी उभ्याने ऐकून घेतली.

हे सगळं मी खपवून घेतलं असतं. बिनसलं ते फोटोंवरून. बागेचा ग्रुप आणि फोटो टाकायला बंदी, असा नियम कुठे ऐकलाय का? फूल आलं तर शब्दांत लिहा. कीड पडली तर शब्दांत लिहा. कारण विचारलं की काका म्हणणार, "नियम आहे." या नियमाचा सगळ्यात जास्त ताप उल्हासनगरच्या लालवानींना झाला. त्यांचं कॅम्पात कापडाचं दुकान आहे आणि दुकानाच्या गच्चीवर गुलाब. ते रोज सकाळी एक गुलाब 'गुड मॉर्निंग'सकट पाठवायचे आणि काका रोज सकाळी तो अडवायचे. शेवटी लालवानींनी फोन केला. काकांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"साईं, फूल आहे ना? बागमध्ये फूलच असतो ना? फिर विषय के बाहर कैसे?"

"फूल विषयात आहे, लालवानीशेठ. फोटो नाही. कसं आहे ते सांगा."

"कसा म्हणजे? लाल आहे."

"तुमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं आणि तुम्ही नुसतं लाल म्हणालात तर ते घेईल?"

दुसऱ्या दिवशी लालवानींची मेल आली: "गुलाब. कलर डार्क मरून. आतली पाकळी साटन, बाहेरची पॉपलीन. काठ थोडा उसवलेला." काकांनी ती तत्काळ सोडली. तेव्हापासून लालवानी सगळी बाग कापडातच लिहितात. शेवंती म्हणजे मांजरपाट, कारल्याचं पान म्हणजे क्रेप. आम्ही हसायचो आणि मनातल्या मनात चरफडायचो.

शेवटी मी बंड केलं. ग्रुप मोबाइलवर न्यायचा, फोटो मोकळे करायचे, मॉडरेटर नको. रविवारी लालवानींच्या दुकानाच्या माडीवर सभा ठरली. एक-एक करून सगळ्यांनी मला होकार कळवला. फक्त हेंद्रेपाड्याच्या तांडेलांचं उत्तर आलं नव्हतं. हे अनंत तांडेल आमच्यातले कीडतज्ज्ञ. त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. खाली 'अ. तां.' एवढीच सही, आणि प्रश्न ठरलेले: पान चुरगळलं की वास कसा येतो, बोटाला चिकट लागतं का?

काकांना सगळं कळलं होतं. ते म्हणाले, "मी विरोधात बोलणार. एकटा असलो तरी बोलणार." आवाज चढवला नाही, पण असा माणूस मागे हटत नाही हे कळत होतं. मीही हटणार नव्हते. फोटो नसलेली बाग ही काय बाग असते?

त्याच आठवड्यात बेल वाजली. "विषय: डोळा," काका म्हणाले. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. काकू गेल्यापासून ते एकटे. मुलगा येऊन नेणार आणि आणून सोडणार होता. पण काही दिवस कॉम्प्युटरकडे बघायचं नव्हतं. त्यांनी ग्रुपचा पासवर्ड मला दिला. बंडाच्या पुढाऱ्याच्या हातात किल्ल्या! मी विचारलं, "माझ्यावर भरवसा आहे?"

"तुम्ही भांडता ते विषयाला धरून," ते म्हणाले. "फक्त फोटो सोडू नका, वैशालीताई."

मी सोडले. सभेआधी लोकांना गोडी लागावी म्हणून मुद्दाम सोडले. लालवानींनी शब्दबिब्द गुंडाळून ठेवून गुलाबांचा पाऊस पाडला, त्यावर सगळ्यांचे 'वा वा', त्याखाली हातहातभर शेपट्या. कितीतरी दिवसांत ग्रुप एवढा हसला-बोलला नव्हता. दुपारी तांडेलांची मेल आली: "आज लालवानींच्या गुलाबाबद्दल काही कळलं नाही. मजकूर राहिला का? अ. तां."

मला तो टोमणा वाटला. म्हटलं, हा राऊळांचा माणूस दिसतोय. याचं मत समोर बसूनच घेते. ओव्याच्या पानाचं एक रोप पिशवीत घातलं आणि रिक्षाने हेंद्रेपाडा गाठला.

दार तांडेलांनीच उघडलं. माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी बघत ते हसले. "या. ओवा आणलात वाटतं. माझा गेल्या महिन्यात गेला." पिशवीचं तोंड मी अजून उघडलंही नव्हतं.

मग कळलं. काचबिंदूने दोन्ही डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात बहीण असते, ती शाळेत शिकवते. दिवसभर हे, बाल्कनीतल्या कुंड्या आणि कॉम्प्युटर. कॉम्प्युटर मेल वाचून दाखवतो. मोबाइलची गुळगुळीत काच बोटांना समजत नाही म्हणाले, कीबोर्ड कसा हाताखाली असतो.

"तुम्ही आलात ते बरं झालं," ते म्हणाले. "आज माझं मशीन बिघडलंय का बघता?" त्यांनी बटण दाबलं. एक सपाट, घाईचा आवाज खोलीत बोलायला लागला. चित्र. चित्र. चित्र. मग कुणाचं तरी 'वा', आणि त्याखालची अख्खी शेपटी: पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, वेळ, पुन्हा चित्र, पुन्हा 'वा', पुन्हा सगळ्यांची नावं. तांडेल मान तिरकी करून, जिवाचा कान करून ऐकत होते. एवढ्यातून एखादा गुलाब निसटू नये म्हणून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. माझ्याने तिथे बसवेना.

"मशीन ठीक आहे," मी म्हटलं.

"मग हरकत नाही. लालवानींचा गुलाब एरवी हातात आल्यासारखा वाटतो हो. साटन, पॉपलीन. तेवढंच."

मी विचारलं, ग्रुपवर कधी सांगितलं का नाही?

"अहो, माझे डोळे हा काही मळ्याचा विषय आहे का? कळलं की किडीचं कुणी विचारणार नाही, माझंच विचारतील. राऊळला मी बजावलंय, यावर एक ओळ आली की मी बाहेर. आम्ही स्टोअर्सच्या एका काउंटरवर होतो. तो तेव्हापासून असाच, नियमवाला. मीच त्याला सांगतो, लोकांना जरा मोकळं सोड. फोटो का नाहीत विचारलं तर म्हणतो, मेलबॉक्स भरते." ते हसले. "तुमच्या मोबाइलच्या ग्रुपला माझा होकार धरा. सगळ्यांना हवं असेल तर माझ्या एकट्यासाठी कशाला? मी जमेल तेवढं ऐकेन."

मेलबॉक्स भरते म्हणे. म्हणजे त्या माणसाने ज्याच्यासाठी हे नियम केले त्यालाही पत्ता लागू दिला नव्हता, आणि आमच्या सगळ्यांच्या शिव्या खात, तऱ्हेवाईक म्हणवून घेत बसला होता. परतताना रिक्षात मला काकांचा भयंकर राग आला. असा राग आपल्या माणसाचाच येतो.

रविवारी काका डोळ्यावर काळा चष्मा लावून, लेकाच्या हाताला धरून माडीवर आले आणि कापडाच्या ताग्यांना टेकून ताठ बसले. बोलायची तयारी करून आले होते. मी त्यांच्या आधी उठले. म्हटलं, "ग्रुप आहे तिथेच राहील. फोटो बंद. शेपट्या कापायच्या. ज्याला मोबाइलवर जायचं त्याने खुशाल जावं, मी येणार नाही."

माडीवर एकच कालवा झाला. लालवानी म्हणाले, "वैशालीबेन, हे काय? तुम्हीच तर सगळ्यांना उठवलात! रीजन तर सांगा."

"रीजन विषयाबाहेरचं आहे," मी म्हटलं. "आणि शेठ, तुम्ही या आठवड्यात गुलाबाबद्दल एक शब्द लिहिला नाहीत. तुमच्या गुलाबांची वाट बघणारी माणसं आहेत. आज घरी जाऊन नीट लिहा."

लालवानी म्हणाले, "वाट बघतात? फिर लिहितो ना." एकदा लालवानी वळले तसे बाकीचेही कुरकुरत वळले. काकांना त्या दिवशी बोलायची वेळच आली नाही. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, काळ्या चष्म्यामुळे कळलं नाही.

संध्याकाळी लालवानींची मेल आली. ती मी लगेच सोडली: "गुलाब. कलर राणी. पाकळी मखमल, पण नवी नाही, धुतलेली. हाताला गरम लागते."

दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत असताना बेल वाजली. काका दारात उभे होते, काळा चष्मा लावून, एका हाताने कठडा धरून. मी विषयाची वाट पाहत थांबले. ते काही बोलेनात. डोळ्यामुळे मजलाच चुकला की काय म्हणून मी विचारलं, "काका, विषय?"

"विषय काही नाही," ते म्हणाले. "सहज आलो."

मी दार पूर्ण उघडलं आणि आत चहाचं आधण ठेवलं.