उपकरण हलवू नये

भटक्या मेंढपाळांच्या जीवनात स्थैर्य आणण्यासाठी त्यांना फिरते घर द्यावे, असा ठराव आमच्या भटकंती सुलभीकरण महामंडळाने एकमताने मंजूर केला. फिरत्या घराने स्थैर्य कसे येणार, हे कुणी विचारले नाही. तेवढ्यात भजी आली होती.

पहिले लाभार्थी म्हणून माण तालुक्यातल्या एका वस्तीवरचे दादासो आणि त्यांच्या पत्नी हरणाबाई यांची निवड झाली. दिवाळी सरली की तिकडच्या माळावर गवताची काडी उरत नाही, म्हणून हे कुटुंब दरवर्षी मेंढ्या घेऊन उंब्रजकडे कृष्णाकाठाला उतरते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या पायी आणि कुणाचीही परवानगी न घेता चालले होते, याचे आमच्या कराड कार्यालयाला फार वाईट वाटले.

गाडी आली. शहाणे लोक तिला मोटारहोम म्हणतात. आत पलंग, ओटा, पंखा, सगळे होते. फक्त फ्रीजची जागा रिकामी होती. ती भरण्यासाठी आमच्या कार्यालयाचे प्रमुख जयराजसाहेब यांच्या अध्यक्षतेखाली फ्रीज निवड समिती नेमली गेली आणि मी तिचा सचिव झालो. समितीतले कुणीही अशा गाडीत एक रात्रही राहिलेले नव्हते, पण प्रत्येकाच्या घरी फ्रीज होता, त्यामुळे सगळेच तज्ज्ञ निघाले.

दुकानदार म्हणाला, "साहेब, गाडीत बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज बसवतात. तोच घ्या."

"छोटा?" साहेब दुखावले. "गरिबाला छोटा? समाजात काय संदेश जाईल?"

संदेश मोठा जावा म्हणून दोन दारांचा, माणसाहून उंच, घरगुती फ्रीज घेतला. तो गाडीच्या दारातून आत जाईना, म्हणून गाडीची मागची बाजू कापली आणि फ्रीज आत ठेवून पुन्हा वेल्डिंग मारले. मग फ्रीजचे दार उघडेना, म्हणून पलंग काढला. आता घरात झोपायला जागा उरली नाही, पण झोपणे हा विषय आमच्या समितीच्या कक्षेत येत नव्हता.

वस्तीवर हस्तांतरणाचा सोहळा झाला. नारळ फुटला, फ्रीजवर स्वस्तिक निघाले, साहेबांचे भाषण झाले. दादासोंनी वाकून आत पाहिले.

"आवं सायब, ह्यात ठिवायचं काय?"

"उरलेलं अन्न," मी म्हणालो.

"उरतंय कुठं? आठ मानसं हायती, वर दोन कुत्री."

"मग दूध ठेवा."

"दूध शेळीत ऱ्हातंय की," हरणाबाई म्हणाल्या. "लागंल तवा काढायचं. तितं नासत न्हाई."

हा मुद्दा तांत्रिक असल्यामुळे आम्ही टाळ्या वाजवून पुढच्या कार्यक्रमाकडे वळलो.

देखभालीचे नियम मी स्वतः तयार केले आणि ते झकास झाले, असे मला आजही वाटते. फ्रीज घरगुती, त्याला घरगुती वीज हवी, म्हणून समाजमंदिरातून वायर ओढली. कंपनीचा माणूस सांगून गेला की फ्रीज हलवला तर वॉरंटी संपली. म्हणून नियम केला की उपकरण हलवू नये. उपकरण गाडीत असल्यामुळे अर्थातच गाडीही हलवू नये. शिवाय उपकरणापाशी कुणीतरी जबाबदार माणूस सदैव हजर असावा.

दिवाळी झाली आणि दादासो कार्यालयात आले.

"सायब, चारा संपला. मेंढरं माती चाटाय लागली. आता उंब्रजकडं उतराय पायजे."

"जरूर उतरा. फिरते घर त्याचसाठी दिलंय."

"मंजी गाडी हलवू?"

"छे! वॉरंटी जाईल."

"मग गाडी तितंच ठिवून जातो."

"आणि न फिरणारी गाडी आम्ही फिरते घर म्हणून कशी दाखवायची? तुमची निवड रद्द होईल. शिवाय पुढच्या वर्षापासून चराईला परवाना लागणार आहे, तोही अडकेल."

दादासोंनी कार्यालयभर नजर फिरवली.

"सायब, तुमच्याकडं मेंढरं हायती का?"

"नाहीत."

"बरं हाय मेंढरांचं," असे म्हणून ते टोपी सारखी करत निघून गेले.

मेंढ्या उपाशी मरणे हे योजनेच्या प्रतिमेला शोभणारे नव्हते. समितीची तातडीची बैठक झाली. जयराजसाहेब म्हणाले, "फ्रीज चाऱ्याकडे जाऊ शकत नसेल, तर चारा फ्रीजकडे आला पाहिजे." त्यांच्या या बुद्धीमुळेच ते साहेब आहेत. उंब्रजहून टेम्पोभर हिरवा चारा मागवला आणि तो ताजा राहावा म्हणून फ्रीजमध्ये रचला. वर लसूणघास, खाली मक्याची वैरण, अंड्यांच्या खाचांत पेंड. एकेका मेंढीने शिस्तीत गाडीत चढावे, भाजीच्या कप्प्यातून खावे आणि उतरावे, असे वेळापत्रक ठरले.

एक मेंढी चढली की मागे अख्खा कळप चढतो, ही माहिती समितीपुढे आलेली नव्हती. गाडी बसली. फ्रीजचे खालचे दार निखळले, वायर ताणली गेली, आणि वस्तीचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून गप्प झाला.

आठवड्याने मी थर्मामीटर घेऊन पाहणीला गेलो. दादासो त्याच सकाळी मेंढ्या घेऊन सरळ पायी उंब्रजच्या वाटेला लागले होते. हरणाबाई मात्र नियमाप्रमाणे उपकरणापाशी हजर होत्या. बिनदाराच्या फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, गोणपाटावर तीन नवी कोकरे एकमेकांना चिकटून झोपली होती.

"हे काय, हरणाबाई?"

"कालच झाल्याती. वाऱ्यात कुडकुडत हुती. लय गुनाचं कपाट हाय बगा, वारा म्हणून लागत न्हाई. तेवढं दार नसाय पायजे."

मी थर्मामीटर लावला. चांगलेच उबदार होते. शेऱ्यात लिहिले, 'उपकरण पूर्ण क्षमतेने वापरात. अंतर्गत तापमान समाधानकारक. कुटुंब फिरते, घर सुरक्षित.' दोन्ही नियम पाळले गेल्यामुळे परवान्याचा अडथळाही दूर झाला. मला भरून आले.

"मंजी परवान्याचं झालं?" हरणाबाईंनी विचारले.

"झालं."

त्या उठल्या. कोकरे झोळीत घातली, काठी घेतली आणि गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"अहो, कुठे निघालात? इथे जबाबदार माणूस लागतो!"

"तुमच्यापरीस जबाबदार मानूस म्या कुठनं आनू?" त्या म्हणाल्या आणि माळावरून चालू लागल्या.

तेव्हापासून मी इथेच आहे. नियम माझाच, मोडणार कसा? घरी फोन केला तर बायको, मंगल, म्हणाली, "अहो, राहा निवांत. मीसुद्धा माहेरी जायचं रद्द केलं. लाईट ये-जा करतीय, फ्रीजमध्ये दोन पिशव्या दूध आणि परवाची आमटी आहे. टाकून कशी जाऊ?"

तुम्ही हसताय. हसा. पण मागच्या सुट्टीत गावी आई 'राहा की अजून दोन दिवस' म्हणत होती, तेव्हा तुम्ही कशाच्या काळजीने परत आलात, तेवढे आठवून बघा. हरणाबाई एव्हाना नदीकाठी पोचल्या असतील. आपण दोघे मात्र फ्रीजच्या राखणीला बसलोय, आणि मला निदान त्याचा पगार मिळतो.