परबकाकांची उजवीकडची खुर्ची

आमच्या शेजारच्या परबकाकांना काहीही सांगितलं की ते तेच परत म्हणून दाखवतात. वॉचमन म्हणतो, "पाणी चार वाजता बंद होणार." परब म्हणतात, "पाणी, चार वाजता, बंद. परब, बी विंग, चारशे दोन." डॉक्टर म्हणतात, "जेवणानंतर अर्धी गोळी." परब म्हणतात, "जेवणानंतर, अर्धी," आणि डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत थांबतात. बरोबर असल्याची खूण मिळाल्याशिवाय ते खुर्ची सोडत नाहीत. रिक्षात मात्र उलटं. तिथे परब सांगतात, "पुढच्या सिग्नलला डावीकडे," आणि ते वाक्य परत येण्याची वाट बघतात. येत नाही, म्हणून पुन्हा सांगतात. चौथ्यांदा ऐकल्यावर एका रिक्षावाल्यानं त्यांना एलबीएस मार्गावर उतरवलं आणि तो उजवीकडे निघून गेला.

हा आजार नाही. कंट्रोल टॉवरनं काही सांगितलं की वैमानिकानं ते शब्द परत म्हणायचे असतात. ऐकण्यात चूक झाली असेल तर ती तिथेच सापडते. परब वैमानिक आहेत, पोटापाण्यासाठी नव्हे, हौसेनं. त्यांचा खरा धंदा प्रेशर गेज बनवण्याचा. भांडुपला गाळा, चार कामगार आणि बॉयलरवर बसणाऱ्या गोल तबकड्या. वडील गिरणीत होते, गाव मालवणजवळ. छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी गाळा भागीदाराच्या हाती दिला, तेव्हा सोसायटीला वाटलं, आता हे गावी जाऊन आंबे लावणार. त्यांनी जाऊन खासगी वैमानिकाचं लायसन्स काढलं.

ते मिळालं आणि परब नाराज झाले. कारण त्या लायसन्सवर फक्त स्वच्छ हवेत उडता येतं. समोर ढग आला की परत फिरायचं.

"म्हणजे काय, तर दिसतंय तोवर उडा," ते मला म्हणाले. "दिसतंय तोवर कोणीही चालेल रे मोहिते. त्यात वैमानिकाचं काय?"

म्हणून त्यांनी पुढची पायरी धरली, इन्स्ट्रुमेंट रेटिंग. म्हणजे ढगात शिरायचं, बाहेरचं काही दिसत नाही, आणि समोरच्या काट्यांकडे बघून विमान चालवायचं आणि खाली आणायचं. सबंध आयुष्य काटे बनवण्यात गेलेल्या माणसाला हे शिक्षण वाटेना, सत्कार वाटला.

काट्यावर त्यांची निष्ठा जुनी आहे. कुठलंही मोजमाप वाचण्याआधी ते तबकडीवर नखानं दोनदा टिचकी मारतात, कारण काटा कधीकधी अडकून बसतो. वजनकाट्याला टिचकी, डॉक्टरांच्या रक्तदाबाच्या यंत्राला टिचकी. फ्लाइंग स्कूलच्या विमानात काट्यांच्या जागी पडदे आले आहेत. परबांनी पहिल्याच दिवशी पडद्याला दोन टिचक्या मारल्या. उंची दिसत होती तिथे नकाशा आला, नकाशाच्या जागी रेडिओ आला. त्यांची इन्स्ट्रक्टर सव्वीस वर्षांची आहे. ती म्हणाली, "सर, टचस्क्रीन आहे." परब म्हणाले, "टचस्क्रीन आहे," आणि सवयीनं पुन्हा टिचकी मारली.

ही शाळा घाटापलीकडे. महिन्यातून दोनदा शनिवारी पहाटे गाडी काढून ते जातात. उरलेले दिवस सराव इथे मुलुंडमध्ये, घरीच चालतो. शिकाऊ वैमानिकाला बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर एक झापड घालतात, खालचे काटे तेवढे दिसतात. परबांनी ते घरी बनवलं, शालूच्या खोक्याचा पुठ्ठा कापून टोपीला शिवला. ही टोपी घालून, एका हातात होकायंत्र आणि दुसऱ्या हातात स्टॉपवॉच घेऊन ते सोसायटीच्या बागेत चालत. विमानतळावर जागा नसली तर आकाशात ठराविक आकाराच्या घिरट्या घालत थांबावं लागतं, त्याचा हा पायी सराव. एक मिनिट सरळ, अर्धं वर्तुळ, एक मिनिट सरळ, अर्धं वर्तुळ. तिसऱ्या फेरीला वाटेत सेक्रेटरी गालाभाई आले.

"परबभाई, डोळा उघडून चाला ना."

"डोळे उघडून चाललो तर शिकणार काय?"

"पण मी उभा होता ना इथे."

"तुम्ही रेडिओवर सांगायला पाहिजे होतं."

गालाभाईंची समजूत घालायला परबांनी त्यांना सोसायटीच्या ऑफिसात नेलं, फिरत्या खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि हळूहळू गोल फिरवून थांबवलं. गालाभाई शपथेवर सांगू लागले की खुर्ची अजून फिरतेय, आणि उलट्या दिशेनं फिरतेय. परब खूश झाले. "ढगात असंच होतं. कान खोटारडा, पोट खोटारडं. माणूस सरळ चाललोय समजतो आणि डोंगरावर जातो." मग खास ठेवणीतलं मालवणी वाक्य आलं. "काटो खोटा बोलणा नाय." गालाभाईंनी पुढच्या मीटिंगला खुर्चीवर बसायला नकार दिला.

घरातला सराव बाल्कनीत. परबांनी बाल्कनी बंद करून तिथे कॉम्प्युटर, मोठा पडदा आणि विमानाचे दांडे बसवले आहेत. पडद्यावर वर बाहेरचं दृश्य, खाली काटे. टोपी घातली की वरचं दिसत नाही. पण मग धावपट्टी आली की नाही, हे कोण बघणार? त्यासाठी उजव्या बाजूला प्लास्टिकची एक निळी खुर्ची होती आणि तिच्यावर त्यांची बायको, सुलभाकाकू बसत. मांडीवर परात, परातीत मेथी. त्या मेथी निवडायच्या आणि मधूनमधून पडद्याकडे बघायच्या.

उतरताना एक ठरलेली उंची असते. तिथपर्यंत काट्यांवर यायचं आणि मग मान वर करून बघायचं. समोर धावपट्टी दिसली तर उतरायचं. नाही दिसली तर इंजिनाचा दांडा पुढे ढकलून वर निघून जायचं आणि पुन्हा फेरी मारून यायचं. दोन सेकंदांत ठरवावं लागतं. परबांच्या बाल्कनीत ते काकू ठरवत. परब उंची पुकारत, "मिनिमम." काकू मेथीतून मान वर करत आणि म्हणत, "दिसली." परब उतरत.

कधीकधी म्हणत, "दिसाक नाय." म्हणजे दिसली नाही. मग विमान वर जाई, आणि पुढची दहा मिनिटं परब अरबी समुद्रावरून वळून परत येत. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, त्यामुळे हे सगळं मला ऐकू येई. काकूंचं "दिसाक नाय" बहुतेक वेळा कुकरच्या पहिल्या आणि तिसऱ्या शिटीच्या मध्ये पडे, हेही मला कळे. एकदा तर त्या स्पष्टच म्हणाल्या, "अजून एक फेरी मारा. भात शिजूचो आसा."

काकू गेल्या त्याला आता दीड वर्ष झालं. दोन दिवसांचा ताप, मग हॉस्पिटल, मग फोन. मूल नव्हतं, तेव्हा मडकं परबांच्याच खांद्यावर आलं. भटजी म्हणाले, "तीन फेऱ्या घाला." परब म्हणाले, "तीन फेऱ्या, घालतो." गालाभाई माझ्या शेजारी उभे होते. ते हसले नाहीत. नातेवाईक एकेक करून येत होते आणि सांगत होते, "धीर धरा." परब प्रत्येकाला म्हणत होते, "धीर धरतो."

तीन महिन्यांनी सराव पुन्हा सुरू झाला, आणि परब परीक्षेत नापास होऊ लागले.

पहिल्यांदा नापास झाले तेव्हा त्यांनी वाऱ्याला दोष दिला. दुसऱ्यांदा इन्स्ट्रक्टरला. चूक दोन्ही वेळा एकच होती. ढग, वळणं, रेडिओ सगळं बिनचूक. ठरलेल्या उंचीपर्यंत विमान सुतासारखं येई. समोर धावपट्टी लख्ख. परीक्षक उतरण्याची वाट बघत बसलेला. आणि परब दांडा पुढे ढकलून वर निघून जात.

"ती पोर काय म्हणते माहितीये?" ते एका संध्याकाळी माझ्या दारात उभे राहून म्हणाले. "म्हणते, सर, तुम्ही मान वर करतच नाही. कसली वाट बघता?"

"मग कसली बघता?"

"मी कसली वाट बघणार? काही तरी विचारते."

तिसरी परीक्षा महिन्यावर आली होती. लेखी पेपरांची मुदत त्यानंतर लगेच संपत होती. यावेळी नापास म्हणजे सगळे पेपर पहिल्यापासून, आणि बासष्टीला टेकलेल्या माणसाला वैद्यकीय तपासणीवाले पुन्हा पास करतील याची खात्री नव्हती. थोडक्यात, यावेळी नाही तर कधीच नाही. हे परबांनी मला सांगितलं नाही. त्यांनी इतकंच विचारलं, "संध्याकाळी अर्धा तास बसशील का रे बाजूला?"

मी निळ्या खुर्चीवर बसलो. परबांनी टोपी घातली. विमान खाली आलं. "मिनिमम," परब म्हणाले आणि थांबले. मी पडद्यावरची धावपट्टी बघत होतो. माझ्याकडून काही अपेक्षा आहे हे मला कळेपर्यंत त्यांनी दांडा पुढे ढकलला होता.

"काका, दिसत होती की."

"मग बोलला का नाहीस?"

"मी का बोलू? परीक्षेत कोण बोलणार आहे?"

विमान आपलंआपण समुद्राकडे चाललं होतं.

"तुम्हाला एक विचारू?" मी म्हटलं. "काकू कुकरसाठी खोटं सांगायच्या, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हवा कोण लावायचं यात?" परब पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले. "ढग किती, धुकं किती, सगळं मीच लावायचो ना. कितीदा तर ढग शून्य असायचे. दिसणारच धावपट्टी. न दिसायला काय झालं?"

"तरी वर जायचात?"

"ती म्हणायची, नाय दिसली." त्यांनी काचेवर नखानं दोन टिचक्या मारल्या. कुठल्या काट्यासाठी, ते मला समजलं नाही. "मग जायचो वर."

मी त्यांना माझी अट सांगितली. रोज येऊन बसेन, पण बोलणार नाही. बघायचं तुमचं तुम्ही.

"बोलणार नाहीस तर बसतोस कशाला?"

"मेथी निवडतो."

पहिल्या आठवड्यात परब रोज वर गेले. मी रोज गप्प बसलो आणि काटेकोर मोजदाद ठेवली. सोमवारी सहा वेळा, मंगळवारी सात. बुधवारी ते चिडले. "तोंड उघडायला काय पडतं रे तुझं? बाई असून ती दोन शब्द बोलायची, तू पेपरात लिहिणारा असून मुका." मी मेथी निवडत राहिलो. मला मेथी निवडता येत नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी मिनिमम आला, परब थांबले, आणि टोपीचा पुठ्ठा एकदम वर झाला. त्यांनी समोर बघितलं. इतक्या दिवसांनी समोर बघणाऱ्या माणसासारखं, जरा दचकून. मग विमान उतरवलं. वेडंवाकडं, पण उतरवलं.

परीक्षेच्या दिवशी दुपारी फोन आला. मी कामावर होतो.

"उतरलो," परब म्हणाले.

"म्हणजे पास?"

"म्हणजे पास. मिनिममला मोठ्यानं बोललो. परीक्षक म्हणाला, काय म्हणालात? मी म्हटलं, रनवे इन साइट."

"आणि आधी काय म्हणाला होतात?"

"तुला काय करायचंय? पेढे कुठले आणू, ते सांग."

"कंदी."

"कंदी," परब म्हणाले, आणि फोन ठेवला.

आता त्यांना ढगात उडायची परवानगी आहे. सोसायटीनं नोटीसबोर्डवर अभिनंदन लावलं. गालाभाईंनी हार घातला आणि दोन पावलं मागे उभे राहिले. माझं काम संपलं असं समजून मी आठवडाभर चारशे दोनमध्ये गेलो नाही. रविवारी संध्याकाळी परबांनी भिंतीवर दोन टिचक्या मारल्या.

मी गेलो. कुकर गॅसवर होता, बाल्कनीत पडदा चालू होता. निळ्या खुर्चीवर परात होती, परातीत मेथीची जुडी.

"आता कसला सराव, काका?"

"सराव नाही. बस."

त्यांनी टोपी घातली. सरावाची गरज नसताना ती कशाला, हे मी विचारलं नाही. पडद्यावर एकही ढग नव्हता. सगळा समुद्रकिनारा, खाडी, आणि मधोमध धावपट्टी, दुपारच्या उन्हात वाळत घातलेल्या धोतरासारखी लांब आणि पांढरी. आतून कुकरची पहिली शिटी झाली. विमान सुतासारखं खाली आलं.

"मिनिमम," परब म्हणाले, आणि थांबले. पुठ्ठा वर झाला नाही.

मी मेथीतून मान वर केली. धावपट्टी इतकी जवळ होती की तिच्यावरचे आकडे वाचता येत होते.

"दिसाक नाय," मी म्हटलं.

परबांनी ते नियमाप्रमाणे परत म्हणून दाखवलं आणि दांडा पुढे ढकलला.