खंडेनवमीचा ड्रॅगन

गेल्या वर्षी दसऱ्याला आठ दिवस होते तेव्हा मी नातीला "बरं" म्हणालो. एवढंच. दोन अक्षरी शब्द. पण माझं असं आहे की मी उशिरा बोलतो आणि बोललो की फसतो.

मी सर्वण गावचा पाडेली, म्हणजे लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडणारा. चाळीस वर्षं हेच केलं. शाळेत मी गेलो तो फक्त शाळेच्या आवारातले नारळ पाडायला. (मास्तर खाली उभे राहून 'सावकाश' म्हणायचे. तेवढं एकच मी शाळेत शिकलो.) मराठी अक्षरं मला म्हातारपणी आमच्या गौरवीनं शिकवली. इंग्रजी अजून बाकी आहे.

ही गौरवी माझी नात, नववीत आहे. तिला एका खेळाचं वेड. रंगीत कार्डांचा खेळ. प्रत्येक कार्डावर कुणीतरी राक्षस, जादूगार, शिंगं असलेली जनावरं, आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत त्याची कुंडली. दोन्ही बाजूंना वीस-वीस जीव. आपली जनावरं सोडून समोरच्याचे जीव खायचे. कार्डं विकत घ्यायची, मैत्रिणींशी बदलायची आणि साठ निवडून आपला कॅट जमवायचा. तिनं तो दोन वर्षं जमवला होता. वाढदिवसाला फ्रॉक नको, कार्डं द्या!

दसऱ्याला जवळच्या साखळी गावात जोडीची स्पर्धा होती. जिंकणारी जोडी म्हापशाच्या मोठ्या स्पर्धेत जाणार. गौरवीची जोडीदार सेजल, ती ऐनवेळी बेळगावला मावशीकडे निघाली. मुलगा राजेश तुयेला कारखान्यात, त्याला सुट्टी नाही. सून दीपा म्हणाली, "मला चित्रं बघूनच घाबरायला होतं." मग पोर माझ्यापुढे येऊन बसली.

"आजो, तू येशील?"

"मला इंग्रजी खंय येतं गो?"

"चित्रं ओळखायची. वर्गातली मुलं म्हणतात, सेजल नाही तर तू घरी बस. आजो, मला एकदा म्हापशाला जायचंय."

तेव्हा मी "बरं" म्हणालो.

माझी बायको भागीरथी आतून म्हणाली, "ह्यांना पत्त्यांत तीनशे-चार खेळताना अजून हुकूम कुठला ते विचारावं लागतं." (हे खरं आहे. पण सांगायची गरज नव्हती.)

आठ दिवस मी शिकलो. नावं जमेनात, म्हणून मी माझी ठेवली. शिंगवाला तो गवा. पांढऱ्या दाढीचा जादूगार तो भटजी. लोखंडी कपड्यातला तो पत्रेवाला. टोकदार कानांची एक बाई होती, कुठूनही बघितलं तरी आपल्याकडेच रोखून बघणारी. तिचं नाव मी भागीरथी ठेवलं. (हे घरात सांगितलेलं नाही.) आणि सगळ्यांत मोठा, सोनेरी, चकाकणारा तो ड्रॅगन. पंख फुटलेली सुसरच. गौरवीनं त्याच्या बदल्यात अकरा कार्डं दिली होती. "आजो, हा हातात आला की आपण जिंकलोच. पण साठात एकच आहे, येईल तेव्हा येईल."

येईल तेव्हा येईल! हे माझ्या मनात राहिलं.

आता माझी बाजू ऐका. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. कोयता, पायात घालायचा काथ्याचा फास, कुदळ, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, पिंजर (म्हणजे कुंकू) लावायची, अक्षता घालायच्या, रोजाची, म्हणजे झेंडूची फुलं वाहायची. आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी जागचं हलवायचं नाही. दुसऱ्या दिवशी पूजा हलवल्यावरच हात लावायचा. चाळीस वर्षांत मी एकदाही माडावरून पडलो नाही तो ह्यामुळेच. मग मला सांगा, उद्या ज्या हत्यारानं पोर लढणार, ते पाटावर नको?

गौरवी फुलं आणायला डिचोलीच्या बाजारात गेली होती. मी तिची कार्डांची डबी काढून कोयत्याशेजारी ठेवली. प्रत्येक कार्डाला प्लास्टिकची खोळ, पुढून पारदर्शक, मागून काळी. आता देवाला प्लास्टिकवरून नमस्कार कसा पोचणार? साठांना काढणं माझ्यानं होणार नव्हतं, म्हणून मुख्य माणसाला काढलं. ड्रॅगनच्या कपाळावर पिंजरेचा ठिपका लावला, चार अक्षता घातल्या, हात जोडले. मग झाडून-पुसून परत खोळीत घातला. डबी रात्रभर फुलांखाली झाकून ठेवली. दसऱ्याला सकाळी पूजा हलवली आणि डबी होती तिथे ठेवली. कुणाला काही बोललो नाही. जिंकल्यावर सांगू म्हटलं.

साखळीत एका दुकानाच्या वरचा हॉल. मेजांच्या दोन रांगा. जमलेली सगळी मंडळी माझ्या नातवंडांच्या वयाची, काळ्या टी-शर्टातली. मी धोतर आणि इस्त्रीचा शर्ट. एकानं मला विचारलं, "आजोबा, पाणी कुठे ठेवलंय?" त्याला वाटलं मी हॉलचा माणूस. मी त्याला पाणी आणून दिलं.

नियम असा की जोडीला एकच कॅट, एक पाळी तिची, एक माझी. एकाची पाळी असताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. सुरुवातीला कॅट पिसायचा आणि समोरच्यानं कापून द्यायचा.

पहिला डाव. समोरच्या मुलानं आमचा कॅट कापला. गौरवीनं वरून सात कार्डं उचलली. पहिलंच कार्ड ड्रॅगन!

तिचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक झाले. "आजो," ती कुजबुजली, "ह्याच्या कपाळाला काय लागलंय?"

"पिंजर."

"आजो!"

"खेळ तू, खेळ."

आम्ही जिंकलो. दुसऱ्या जोडीनं कापलं, ड्रॅगन वर. जिंकलो. तिसऱ्या जोडीनं कापलं, ड्रॅगन वर. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, एवढ्या मनावर घेऊ नकोस, लोक बघताहेत.

आणि आम्ही फायनलला पोचलो. समोर साईश आणि अंकिता, तिथलीच कॉलेजातली भावंडं. तीनांतले दोन डाव जिंकायचे. पहिला डाव: साईशनं कापलं, ड्रॅगन आला, जिंकलो. दुसरा डाव: साईशनं कापलं आणि हात तसाच वर धरून थांबला.

"श्रीनाथ, जरा इकडे ये रे."

श्रीनाथ म्हणजे तिथला पंच. चष्मा लावलेला, सरळ मुलगा. साईश म्हणाला, "कॅट कापताना आपोआप एकाच जागी उघडतो. बघ तू."

श्रीनाथनं कॅटच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट अडलं. तिथलं कार्ड काढलं. ड्रॅगन. त्यानं खोळ उलटी करून झटकली आणि मेजावर एक तांदूळ पडला.

एवढ्याशा तांदळाकडे एवढी माणसं बघताना मी जन्मात बघितली नव्हती.

"आजोबा, हे काय?"

"अक्षता."

"कार्डाच्या मागे?"

"पुढेच घातली होती. ती मागे गेली असेल."

मग त्यानं मला समजावलं. सावकाश, मास्तरांसारखं. तांदळामुळे ड्रॅगनच्या वर फट राहत होती. कापणाऱ्याचा हात बरोबर त्या फटीत जायचा आणि ड्रॅगन कॅटच्या डोक्यावर यायचा. म्हणजे देव नव्हे, तांदूळ. आणि ह्याला खुणेचं कार्ड म्हणतात. ह्याची शिक्षा जोडीला घरी पाठवणं.

गौरवीनं फक्त माझ्याकडे बघितलं.

मी उभा राहिलो. म्हटलं, "बाबा, चाळीस वर्षं लोकांचे नारळ पाडले, एक चोरून ठेवला नाही. पोरीला ह्यातलं काही ठाऊक नाही. काल खंडेनवमी होती, मी हत्यार पुजलं. मला बाहेर घालव. तिला खेळू दे."

श्रीनाथ चष्मा पुसायला लागला. तेवढ्यात अंकिता हसली. "श्रीनाथ, तुझ्या लॅपटॉपवर काय आहे रे?"

सगळ्यांनी वळून बघितलं. गुण लिहायच्या लॅपटॉपवर हा एवढा पिंजरेचा टिळा आणि वायरीत खोचलेलं रोजाचं फूल.

"ते आईनं..." श्रीनाथ म्हणाला. मग ताठ झाला. "पण लॅपटॉप कोणी पिसत नाही."

"मुद्दाम केलं नाही त्यांनी," साईश म्हणाला. "घरी नको पाठवू. पण तो ड्रॅगन मला डोळ्यांसमोर नको."

ठरलं ते असं: ड्रॅगन बाहेर. जिंकलेला डाव त्यांना. उरलेले दोन्ही आम्हाला जिंकावे लागणार, आणि घड्याळ चालू.

दुसरा डाव गौरवीनं गव्याच्या आणि पत्रेवाल्याच्या जोरावर जिंकला. काय खेळली म्हणून सांगू! दात ओठात रुतवून. तिसरा डाव शेवटाला आला. त्यांचे तीन जीव, आमचे दोन, आणि पाळी माझी. हातात भटजी आणि भागीरथी.

आता माडाचा नियम आहे. एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. मी विचार करू लागलो. भटजी टाकला तर? पण त्यांचा राक्षस. भागीरथी टाकली तर? पण पुढे काय? मेजाखाली गौरवीचा पाय माझ्या पायाला लागला. मी पाय बाजूला घेतला. पोरीला जागा हवी असेल. परत लागला. मी आणखी सरकलो. तिसऱ्यांदा जोरात लागला तेव्हा मी मेजाखाली वाकून बघितलं, काही पडलं की काय.

वर आलो तेव्हा श्रीनाथ म्हणत होता, "वेळ संपली."

वेळ संपली की ज्याचे जीव जास्त तो जिंकला. एका जीवानं हरलो.

"आजो," जिना उतरताना गौरवी म्हणाली, "ती टोकदार कानांची टाकली असतीस तर तीन जीव तिथेच खाल्ले असते."

(भागीरथीवर विश्वास ठेवायला हवा होता. हेही घरात सांगितलेलं नाही.)

मी तिला बसस्टँडजवळ भाजी-पाव घेऊन दिला. ती अर्धा खाऊन थांबली. "आजो, शेवटचे दोन डाव मी ड्रॅगनशिवाय खेळले. बघितलंस ना?" मी म्हटलं, "बघितलं गो बाय." मग तिनं उरलेला अर्धाही खाल्ला.

यंदा स्पर्धा नेमकी खंडेनवमीलाच आली. सेजल बेळगावला गेली नव्हती. गौरवीनं कॅट आठ दिवस आधीच कपाटात घालून किल्ली गळ्यात बांधली. सकाळी मी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झालो. नुसतं बघायला जाणार होतो, देवाशपथ.

पूजा मांडली होती. गौरवी म्हणाली, "आजो, इथं बस जरा." मी पाटाशेजारी बसलो. तिनं कोयत्याला पिंजर लावली, कुदळीला लावली, फासाला लावली आणि मग माझ्या कपाळाला लावली. डोक्यावर अक्षता टाकल्या. कानावर रोजाचं फूल खोचलं आणि हात जोडले.

मी खूश होऊन म्हटलं, "सुखी रहा. चल, बस चुकेल."

"आजो, पुजलेलं हत्यार आज जागचं हलवायचं नाही." आणि पिशवी उचलून ती सेजलबरोबर गेलीसुद्धा.

भागीरथी पोळ्या लाटता लाटता बाहेर आली. मला कोयत्याच्या रांगेत बघून म्हणाली, "धार गेलेलं हत्यार पण पुजलं का पोरीनं?"

मी बसलो. नियम माझाच होता, बोलणार कुणाला! जेवणही तिनं तिथेच आणून दिलं. चार वाजता फोन वाजला. भागीरथीनं उचलला, "हो, हो," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

"जिंकल्या! म्हापशाला जाणार."

मी टुणकन उठायला गेलो. (म्हणजे एक हात जमिनीला टेकला.)

"बसा, बसा," भागीरथी म्हणाली. "तिनं निरोप दिलाय. म्हापशाची स्पर्धा महिन्यानं आहे. तोपर्यंत पूजा हलवायची नाही."