फुलाबाईची झिलमिल

विंझरच्या आनंदरावांनी नवं घर बांधलं, तेव्हा पुढचा सोपा आणि आतलं माजघर यांच्यामधल्या भिंतीत एक रुंद खिडकी ठेवली. माजघरात उजेड यावा म्हणून. घराचं सगळं काम उरकलं, पण त्या खिडकीला बसवायचं काय, यावर नवरा-बायकोचं एकमत होईना.

"साधी फळ्यांची दारं ठोकू. लावली की झालं," आनंदराव म्हणाले.

"लावल्यावर सोप्यावरचं दिसंल का?"

"दिसायचं कशाला?"

"आमास्नी दिसाया पायजे," फुलाबाई म्हणाली. "पर सोप्यावरच्यास्नी आमी दिसाया नगं."

हे ऐकून आनंदरावांनी डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली. बायकोच्या मनात काय आहे ते त्यांच्या लक्षात आलं होतं. लढाई नुकतीच संपली होती आणि किकवीच्या हरिबांचा मुलगा मानसिंग पलटणीतून परत आला होता. हरिबा त्याला घेऊन आनंदरावांच्या मुलीला, रतनला, बघायला येणार होते. रीत अशी की, पाहुण्यांनी सोप्यावर बसायचं, मुलीनं खाली मान घालून पानाचं तबक ठेवायचं, नाव सांगायचं आणि आत यायचं. मुलगा बघायचा तो घरच्या पुरुषांनी. फुलाबाईच्या बहिणीच्या मुलीचं लग्न असंच जमलं होतं. पुरुषांनी मुलाची जमीन बघितली, बैल बघितले, विहिरीत वाकूनसुद्धा बघितलं. आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा बायकांना कळलं, की नवरदेव सासऱ्याहून थोडा थोरलाच आहे. तेव्हापासून फुलाबाईनं पक्कं केलं होतं, की रतनचा नवरा आधी आपण आपल्या डोळ्यांनी बघायचा.

पहिल्यांदा तिनं खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा लावला. आनंदरावांना नवरदेव म्हणून सोप्यावर बसवलं आणि आपण आत उभी राहिली.

"दिसते का मी?"

"न्हाई."

"तुमी बी दिसत न्हाई," असं म्हणून तिनं पडदा बोटभर सरकवला. "आता?"

"आता आर्धी दिसतीस."

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि फुलाबाई सगळीच दिसली.

मग भोरच्या बाजारातून बांबूच्या काड्यांची चिक आली. चिकेतून सोपा लख्ख दिसायचा. आनंदरावांच्या मिशीतले पांढरे केससुद्धा तिला मोजता आले असते.

"आता?"

"तू न्हाई दिसत. पर नथ दिसती. हालती बी."

"मंग मी गप ऱ्हाते."

आनंदरावांनी बराच वेळ वाट पाहिली. "हालती आजून," ते म्हणाले.

पाहुणे यायचे आणि नाकात नथ नाही, हे काही शोभणारं नव्हतं. चिक उतरली. पण एव्हाना आनंदरावांनाच त्या कोड्याची गोडी लागली होती. बघायचं, पण दिसायचं नाही, हे जमतं तरी कसं? एक दिवस ते भोरहून आले ते अंगणातूनच ओरडत.

"अगं, घावलं! तिथल्या एका बंगल्यात झिलमिल हाय. आडव्या पट्ट्या, एकीखाली एक. त्यास्नी मदी उबी दांडी. दांडी खाली वडली की पट्ट्या उघडत्यात, वर सारली की मिटत्यात. अन् बेताची वडली तर आतल्याला भाईरचं दिसतं, भाईरच्याला आतलं न्हाई!"

सोनबा सुतारानं आजवर नांगर केले होते, तिफणी केल्या होत्या, बैलगाड्या केल्या होत्या. झिलमिल केली नव्हती. आनंदराव त्याला भोरला घेऊन गेले. बंगल्याच्या खिडकीपुढे सोनबानं उकिडवं बसून दांडी इतक्या वेळा वरखाली केली, की शेवटी पहारेकऱ्यानं त्याला हाताला धरून उठवलं. येताना वाटेत त्यानं एकच शंका विचारली.

"दांडी कुठल्या अंगाला ठिवू?"

"घरच्या मान्साच्या हाताशी ठिव," आनंदराव म्हणाले.

सोनबानं यावर नीट विचार केला. घरचा माणूस म्हणजे आनंदराव. आणि आनंदराव बसतात सोप्यावर.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी झिलमिल बसली. सागवानी पट्ट्या, गुळगुळीत घासलेल्या. दांडीच्या टोकाला सोनबानं हौसेनं बाकदार चोचीचा पोपटही कोरला होता. फुलाबाईनं आतून हात फिरवला, मग वरखाली चाचपलं आणि विचारलं, "दांडी कुठं हाय?"

"हितं हाय की," सोनबा सोप्यावरून म्हणाला.

तिला जे बोलायचं होतं ते बोलायला वेळच उरला नाही, कारण पाहुण्यांची गाडी ओढ्यापाशी आल्याची वर्दी आली. आनंदरावांनी घाईघाईनं पट्ट्या जेमतेम बोटभर उघड्या ठेवल्या आणि आत कुजबुजले, "दांडीला हात कोन लावतंय? गप उबी ऱ्हा."

गाडीतून हरिबा उतरले, मानसिंग उतरला आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना मुलाची आई कोंडाबाईही उतरली. फुलाबाई हबकली. विहीणबाईंना माजघरात पाट दिला, पाणी दिलं, पण तिचा जीव खिडकीत होता. कोंडाबाईनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा खिडकीकडे बघितलं.

"ह्यातनं सोपा दिसतो व्हय?"

"उजेडासाठी हाय ती," फुलाबाई चाचरत म्हणाली.

"व्हय का? मंग सरा जरा. मला बी उजेड लागतो."

दोघी विहिणी खिडकीला डोळे लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या मधल्या फटीत रतननं मान घातली. शेजारची चंद्राबाई ताक द्यायला आली होती, ती तांब्यासकट मागे उभी राहिली. पण पट्ट्या इतक्या मिटलेल्या होत्या, की सोप्यावरचे फक्त गुडघे दिसत होते. गुडघ्यांवरून जावई पारखायचा कसा, हे फुलाबाईला कळेना. ती खाली वाकली, टाचा उंचावून वर झाली, तरी गुडघेच.

बाहेर हरिबांना उकडत होतं. त्यांनी अंगातला जाडजूड लोकरी कोट काढला आणि ठेवायला जागा शोधली. समोरच बाकदार चोचीचा पोपट दिसला.

"आनंदराव, खुट्टी झकास केलीया," असं म्हणून त्यांनी कोट पोपटाच्या चोचीला अडकवला.

आनंदराव "थांबा" म्हणेपर्यंत कोटाच्या वजनानं दांडी कुरकुरत खाली आली आणि सगळ्या पट्ट्या सताड उघडल्या. खिडकीत चार तोंडं होती. फुलाबाईनं लाजेनं डोळे गच्च मिटून घेतले. आपण बघितलं नाही तर आपणही दिसणार नाही, अशी तिला त्या घटकेला खात्री वाटत होती.

मग हरिबांचा आवाज चढला. "आनंदराव! ही कुठली रीत? पावण्यांवर पाळत ठिवायची? चल रं मानसिंगा, ऊठ. आसल्या घरात आपल्याला..."

ते एकदम थांबले. खिडकीत डावीकडून पहिली नथ त्यांच्या ओळखीची होती.

"तू?" हरिबा म्हणाले. "तू काय करतीस तिथं?"

"बघतीया," कोंडाबाई म्हणाली.

"सोताच्या पोराला?"

"पोराला कशाला? सोयऱ्यास्नी बघतीया. पोरीचा बाप बोलतो कसा, रागं भरतो का, हे मला आत बसून कसं कळायचं?" एवढं बोलूनही तिचं समाधान झालं नाही. "आमच्या येळंला आशी खिडकी आसती ना, तर तुमी आज हितं पोराचा बाप म्हनून बसला नसता!"

चंद्राबाईच्या हातातला तांब्या हिंदकळला. आनंदरावांनी हसू दाबण्यासाठी मिशीवरून हात फिरवला, पण मिशीच हलायला लागली. हरिबांनी एकदा बायकोकडे, एकदा कोटाकडे पाहिलं. रागावून निघायचं तर बायकोला आतून बोलवावं लागणार होतं, आणि ती येईल असं काही तिच्या चेहऱ्यावरून दिसत नव्हतं. ते सावकाश खाली बसले.

"उजेडाला बाकी चांगली हाय," ते म्हणाले.

मग मानसिंग उठला, त्यानं बापाचा कोट काढून घेतला आणि दांडी हलक्या हातानं वर सारली. पट्ट्या मिटल्या. त्यानंतर सगळं रीतीप्रमाणं झालं. रतननं खाली मान घालून तबक ठेवलं, नाव सांगितलं. तिन्हीसांजेच्या आत सुपारी फुटली. गाडीत बसताना कोंडाबाईनं आनंदरावांना बजावलं, "तुमच्या सुताराला किकवीला धाडा. पर दांडी आतल्या अंगाला ठिवाया सांगा."

पाहुणे गेले आणि फुलाबाई माजघरात मटकन खाली बसली. येवढा खटाटोप केला, लुगडं झालं, चिक झाली, भोरच्या खेपा झाल्या, आणि पट्ट्या उघडल्या तेव्हा आपण डोळेच मिटून घेतले! पोरगी देऊन बसलो आणि जावयाचे नुसते गुडघे ठाऊक. ती रडायच्या बेतात आली.

रतन भांडी गोळा करत होती. "उंच हाय," ती भांड्यांकडे बघतच म्हणाली. "उजव्या भुवईवर वण हाय. म्हातारा न्हाई, आये. दांडी वर सारताना हसला, तर गालाला खळी पडती. अन् पट्ट्या पुऱ्या मिटायच्या आदी दांडी जरा धरून ठिवली."

फुलाबाई बघतच राहिली. "तू तर मान खाली घालून हुतीस! येवढं कवा बघितलंस गं?"

"तू डोळं मिटलंस तवा," रतन म्हणाली आणि भांडी घेऊन परसात निघून गेली.